निर्दोष मुक्तता होते तेव्हा न्यायालयाने नेमके काय ठरवलेले असते?

साक्षेपी वाचक :

फौजदारी कायदा शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान अलीकडे ऐकण्यात आले. त्यांचे प्रतिपादन असे होते की, फौजदारी न्यायालय ‘हा गुन्हा कोणी केला?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलेलेच नसते. सरकार पक्षाने ज्याला आरोपी म्हणून उभे केले आहे, त्याच्यावरचा आरोप समोर आलेल्या पुराव्यावरून वाजवी संशयापलीकडे सिद्ध होतो की नाही, एवढाच प्रश्न न्यायाधीशांपुढे असतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले की त्यांचे काम संपते. श्रोत्यांनी माना डोलावल्या. मला मात्र हे विधान अजून पचनी पडलेले नाही.

त्याला कारण आहे. परिचयातल्या एका कुटुंबाने मुलाच्या खुनाच्या खटल्यात कित्येक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांपैकी एक फितूर झाला, दुसऱ्याच्या साक्षीत ‘महत्त्वाच्या तफावती’ आढळल्या आणि जप्त केलेल्या हत्यारावरील रक्ताच्या गटाबद्दल प्रयोगशाळेला निष्कर्ष काढता आला नाही. सर्व आरोपी सुटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘पुराव्याअभावी निर्दोष’ असा मथळा आला. त्या मुलाच्या आईने मला विचारले की, न्यायाधीशांनी त्या लोकांना निरपराध म्हटले आहे का? मला उत्तर देता आले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. पुराव्याअभावी झालेली सुटका आणि खरेखुरे निर्दोषत्व यांत कायदा काही फरक करतो का? साक्षीदार डोळ्यांदेखत फिरतो आहे हे दिसत असताना न्यायाधीश गप्प का बसतात? आणि एकाच पुराव्यावर दोन न्यायालये टोकाची उत्तरे कशी देतात? मुंबईतील ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. कायदा तोच, कागद तेच, मग सत्य कोणत्या निकालात आहे?

विधिशिक्षक :

मीही फौजदारी कायदाच शिकवतो, त्यामुळे व्याख्यात्यांची बाजू घेण्याचा मोह होतो. पण त्यांनी अर्धेच सांगितले असे माझे मत आहे. न्यायालय आरोप सिद्ध झाला की नाही एवढेच पाहते, हे खरे. मात्र तो सिद्ध होणार की नाही, याचा फैसला बहुतेक खटल्यांत न्यायालयात होतच नाही. घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत पोलीस ठाण्यात आणि घटनास्थळी जे कागद तयार होतात किंवा व्हायचे राहतात, तिथेच तो होऊन गेलेला असतो. न्यायाधीश वर्षानुवर्षांनी त्या कागदांची परीक्षा घेतात आणि राग मात्र परीक्षकावर निघतो.

‘महत्त्वाच्या तफावती’ हा शब्दप्रयोग घ्या, कारण सामान्य माणसाला निकालपत्रातील सर्वांत अन्यायकारक शब्द तोच वाटतो. साक्षीदार सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, सांगतो, “आरोपीच्या हातात कोयता होता आणि त्याने तो डोक्यात मारला.” उलटतपासात बचाव पक्षाचे वकील विचारतात, “कोयत्याची बाब तुम्ही पोलिसांना जबाब देताना सांगितली होती का?” साक्षीदार म्हणतो, “सांगितली होती.” “मग ती तुमच्या जबाबात का लिहिलेली नाही, याचे काही कारण सांगता येईल का?” साक्षीदार म्हणतो, “कारण सांगता येणार नाही.” एवढे उत्तर नोंदले गेले की वकील पुढच्या मुद्द्याकडे वळतात. काही महिन्यांनी तपास अधिकारी साक्षीला येतो. त्याला तोच मजकूर विचारला जातो आणि तो सांगतो, “तसा मजकूर जबाबात नाही, साक्षीदाराने सांगितले असते तर मी लिहिले असते.” वकिली बोलीत याला ‘ओमिशन’ म्हणतात. वगळलेली बाब जर घटनेच्या गाभ्याची असेल, तर ती विसंगती ठरू शकते, असे कायदाच सांगतो.

आता हा जबाब तयार कसा होतो ते पाहा. साक्षीदार स्वतः लिहीत नाही. तो बोलतो आणि पोलीस कर्मचारी आपल्या भाषेत, आपल्या सवयीच्या साच्यात ते उतरवतो. त्यावर साक्षीदाराची सही घेऊ नये असे कायद्याचे बंधन आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. हा जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही; मुख्यतः साक्षीदाराला खोडून काढण्यासाठीच त्याचा उपयोग होतो. म्हणजे घाईत आठ ओळींत गुंडाळलेला एक कागद, जो त्या माणसाने लिहिला नाही आणि ज्यावर त्याची सही नाही, तो पुढे कित्येक वर्षांनी त्याच्याच तोंडावर फेकला जातो. तुमच्या परिचयातल्या खटल्यातील दुसरा साक्षीदार खोटे बोलला असेलच असे नाही. त्याचा जबाब निष्काळजीपणे लिहिला गेला असण्याची शक्यता मला जास्त दिसते.

हत्याराच्या जप्तीचेही असेच होते. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात घेता येत नाही, मात्र आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला भाग घेता येतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यातील हे सुप्रसिद्ध कलम २७ आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, आले आहे. “मी कोयता विहिरीजवळच्या कडब्यात लपवला आहे, दाखवतो,” एवढे वाक्य चालेल. “ज्याने मी त्याला मारले” हे शेपूट चालणार नाही. ही विभागणी ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टया खटल्यात घालून दिली आणि आजही ती तशीच आहे. प्रत्यक्षात काय होते? आरोपीचे निवेदन नोंदवणाऱ्या पंचनाम्यात त्याचे नेमके शब्द नसतात, पंच आधीच्या चार खटल्यांतही पंच असतात, आणि उलटतपासात एक साधा प्रश्न येतो : जप्तीपासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता आणि लाखेचे सील कोणाकडे होते? मुद्देमाल कारकुनाची साक्ष झालेली नसते, नोंदवहीचा उतारा दाखल नसतो. शांतपणे विचारलेल्या या एका प्रश्नापुढे आक्रमक युक्तिवाद फिके पडतात.

इतकी काटेकोर परीक्षा कशासाठी? ‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील’ हे वाक्य मी वर्गात वापरत नाही, कारण ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला ते चालत नसते. त्याऐवजी मी विद्यार्थ्यांना २०१९ चा अंकुश मारुती शिंदे खटल्याचा निकाल वाचायला लावतो. महाराष्ट्रातील २००३ च्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या भीषण प्रकरणात सहा जणांवर खटला चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना मृत्युदंड दिला. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने फेरविचार करताना पाहिले की, घटनेतून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून आधी चार भलत्याच माणसांना ओळखले होते. त्यांचे पुढे काय झाले याचा तपास झाला नाही आणि ही बाब सरकार पक्षाने न्यायालयासमोर नीट आणलीच नव्हती. सोळा वर्षांच्या कैदेनंतर सहाही जण सुटले आणि राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. एकीकडे निरपराध माणसे फासाच्या दोरापर्यंत पोचली आणि दुसरीकडे ज्यांनी ते अत्याचार केले ते हाती लागलेच नाहीत. ‘निरपराध्याला शिक्षा’ आणि ‘अपराध्याची सुटका’ ही दोन वेगळी पारडी आहेत असे आपण समजतो. या प्रकरणात एकाच निष्काळजी तपासाने दोन्ही घडवली.

रेल्वे स्फोटांच्या खटल्याबद्दल. तिथे मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा लागू होता आणि त्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात घेता येतो. विशेष न्यायालयाने असे कबुलीजबाब, ओळख आणि जप्ती यांवर विश्वास ठेवला. उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकही विश्वासार्ह मानले नाही. अपिलात पुरावा पुन्हा पहिल्यापासून तोलला जातो, म्हणून असे होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी हा निकाल इतर खटल्यांत पूर्वनिर्णय म्हणून वापरता येणार नाही असे सांगितले, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. तेव्हा तो विषय अजून मिटलेला नाही. सत्य कोणत्या निकालात आहे, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर असे की, दोन्ही निकाल पुराव्याबद्दल बोलतात. स्फोट कोणी घडवले याचे उत्तर देण्याची जबाबदारी तपास यंत्रणेची होती आणि इतक्या वर्षांनंतरही ती तिच्याकडेच आहे.

माजी सरकारी वकील :

प्राध्यापक महोदयांचे विवेचन विद्यार्थ्यांसाठी उत्तम आहे. सत्र न्यायालयात सरकार पक्षाचे काम करण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला मात्र यात एक बाजू सुटलेली दिसते.

संशयाचा फायदा हा कायद्याचा नियम आहे, पण तो काही न्यायाधीशांची सवयही होऊन बसला आहे. शिवाजी साहेबराव बोबडे खटल्याचा १९७३ चा निकाल बचावाचे वकील नेहमी एकाच वाक्यासाठी वाचतात : आरोपीने गुन्हा ‘केला असावा’ आणि ‘केलाच असला पाहिजे’ यांतले अंतर मोठे आहे. याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संशयाच्या फायद्याची अतिरेकी भक्ती करण्याविरुद्धही स्पष्ट इशारा दिला आहे, तो परिच्छेद कोणी वाचून दाखवत नाही. परिस्थितिजन्य पुराव्याच्या, म्हणजे प्रत्यक्षदर्शी नसताना परिस्थितीच्या कड्या जोडून उभ्या केलेल्या साखळीच्या, बाबतीत १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यातील पाच कसोट्या आहेत, त्या योग्यच आहेत. पण साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे निर्विवाद हवी असा अर्थ काढून एकेक कडी वेगळी करून फेकून दिली, तर जगातला कुठलाच खून सिद्ध होणार नाही. ‘वाजवी’ संशय म्हणजे विचारी माणसाला कारण देता येईल असा संशय. नुसती शंका काढणे म्हणजे तो नव्हे.

आता साक्षीदाराकडे या. तो सकाळी समन्स घेऊन येतो. न्यायालयाच्या वऱ्हांड्यात त्याच्या शेजारीच आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात. दुपारी कळते की बचावाच्या वकिलांनी मुदत मागितली आहे, किंवा आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पथकच मिळालेले नाही. तारीख पडते. असे तीनचार वेळा झाले की त्याची मजुरी बुडते, शेजारपाजारचे समजावू लागतात आणि पाचव्या वेळी पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस तो पहिला माणूस राहिलेला नसतो. एका साक्षीदाराचा सरतपास झाल्यावर उलटतपास तब्बल वीस महिन्यांनी झाला, असा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. विनोद कुमार वि. पंजाब राज्य. मधल्या काळात साक्षीदार फिरला. न्यायालयाने अशा तहकुबीबद्दल अतिशय कडक शब्द वापरले आणि सरतपास झाला की उलटतपास शक्यतो त्याच दिवशी व्हावा असे बजावले. तरीही तहकुबीचे अर्ज येतात आणि मंजूरही होतात.

आमच्या बाजूची दुरवस्थाही सांगितली पाहिजे. पूर्वी कनिष्ठ न्यायालयांतले सहायक अभियोक्ते (सरकारी वकील) पोलीस खात्याच्याच अखत्यारीत काम करत. १९९५ मध्ये शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला ही व्यवस्था बदलायला लावली. वेगळेपण आले ते स्वागतार्हच होते, पण त्याबरोबर तपास अधिकारी आणि अभियोक्ता यांच्यातला संवादही आटला. सीलच्या ताब्याची साक्ष नाही, हे मला दोषारोपपत्र दाखल होण्याआधी कळले तर उपयोग. युक्तिवादाच्या आदल्या संध्याकाळी कळून काय करणार? अतिरिक्त साक्षीदार बोलावण्याचा अर्ज देता येतो आणि मी तो अनेकदा दिला आहे. पण तोपर्यंत बदली होऊन गेलेला कर्मचारी शोधून आणायला आणखी तारखा जातात.

म्हणून मला फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीच्या २००३ च्या अहवालातली सूचना आजही विचारात घेण्यासारखी वाटते. सत्य शोधणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे असे कायद्यातच लिहावे आणि ‘वाजवी संशयापलीकडे’ ही कसोटी थोडी सैल करावी, असे त्या समितीने सुचवले होते. त्यावर टीकेचा भडिमार झाला आणि तो विषय बासनात गेला.

साक्षेपी वाचक :

दोघांचेही आभार. तफावतीचा प्रकार असा असतो हे मला खरोखर माहीत नव्हते. मात्र फितूर झालेल्या साक्षीदाराचा प्रश्न उरतोच. त्याने शपथेवर सांगितले की त्याने काहीही पाहिले नाही आणि पोलिसांनी मनाने लिहून घेतले. तो खोटे बोलला असेल तर त्याला काहीच होत नाही का? आणि त्या कुटुंबाला आता काही मार्ग आहे का?

कनिष्ठ वकील :

मी बहुतेक वेळा फिर्यादी किंवा पीडितांच्या वतीने काम करतो, म्हणून या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

साक्षीदार फितूर झाला म्हणजे त्याची संपूर्ण साक्ष पुसली गेली असा समज आहे, तो चूक आहे. भगवान सिंह (१९७६) आणि त्यानंतरच्या अनेक निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अशा साक्षीतला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो न्यायालयाला स्वीकारता येतो. लाचेच्या प्रकरणांबाबत घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात हेच तत्त्व पुढे नेले : तक्रारदार मृत झाला किंवा उलटला तरी मागणी आणि स्वीकार इतर पुराव्यावरून सिद्ध करता येतात. अडचण अशी की खुनाच्या खटल्यात ज्याच्याशी जुळवायचे तो ‘इतर पुरावा’ वर वर्णन केल्याप्रमाणे आधीच सीलमध्ये, पंचात आणि तारखांत गळून गेलेला असतो.

शपथेवर खोटे सांगितल्याबद्दल कारवाई करता येते. पण न्यायालयांना त्यासाठी वेळ आणि उत्साह क्वचितच असतो. मला त्यातला न्यायही संशयास्पद वाटतो. गुजरातमधील २००२ च्या दंगलीतले, बेकरी जाळून माणसे मारल्याचे बेस्ट बेकरी प्रकरण आठवा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये निर्दोष मुक्तता रद्द करून फेरखटला मुंबईत चालवायला सांगितला, हा ऐतिहासिक निर्णय होता. परंतु ज्या तरुणीची साक्ष पुनःपुन्हा बदलली, तिलाच २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद झाली. तिच्यावर दबाव आणणारे कोण होते, या प्रश्नाचा तितक्याच कठोरपणे पाठपुरावा झालेला मला दिसत नाही. दंड साक्षीदाराला आणि धमकी देणारा मोकळा, असे असेल तर पुढचा साक्षीदार पुढे येणार नाही.

संरक्षणासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. महेंद्र चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मंजूर केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना अधिसूचित करण्याचे बंधन घातले आहे. योजनेखाली अर्ज करावा लागतो, धोक्याचा अहवाल पोलीसच देतात, आणि गंमत म्हणजे ज्याला सर्वांत जास्त भीती आहे त्याला अशी योजना आहे हेच माहीत नसते. त्यापेक्षा जास्त परिणाम दुसऱ्या एका तरतुदीचा होईल असे मला वाटते. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेच्या, जन्मठेपेच्या वा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांनी नोंदवलाच पाहिजे, असे आता कलम १८३ सांगते. त्या जबाबावर सही असते, शपथ असते आणि ‘पोलिसांनी मनाने लिहिले’ ही सबब तिथे चालत नाही.

कुटुंबाच्या मार्गाबद्दल : निर्दोष मुक्ततेविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करता येते. हा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून आहे, मृताचे वारसही त्यात येतात आणि त्यासाठी वरिष्ठ न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही, हे मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट झाले. खटला चालू असताना मात्र पीडिताच्या वकिलाला सरकारी वकिलांच्या हाताखालीच काम करावे लागते; शेवटी लेखी युक्तिवाद देता येतो, पण स्वतंत्रपणे उलटतपास घेता येत नाही, असा २०१९ चा निकाल आहे. घरच्यांना ही गोष्ट पटवून देणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम असते.

विधिशिक्षक :

माजी सरकारी वकिलांचा बोबडे निकालाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. मलिमठ समितीबद्दल मात्र मतभेद नोंदवतो. कसोटी सैल केली तर निकालांची संख्या बदलेल, तपासाचा दर्जा सुधारणार नाही. उलट कच्च्या कागदांवरही शिक्षा होते असे दिसले की कागद पक्के करण्याचे कारणच उरणार नाही. आज निदान प्रत्येक सुटकेतून तपासातली उणीव उघडी पडते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये किशनभाई खटल्यात प्रत्येक राज्याला सांगितले होते की, सुटकेचा प्रत्येक निकाल तपासून पाहण्याची व्यवस्था करा, दोष कोणाचा ते ठरवा आणि त्या चुका प्रशिक्षणात शिकवा. मला तो आदेश मलिमठ अहवालापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण तो रोगाच्या जागी बोट ठेवतो.

न्यायाधीश गप्प का बसतात, हा प्रश्न मागेच राहिला. त्यांनी गप्प बसावे असे कायदा सांगत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६८ नुसार (पूर्वीचे १६५) त्यांना कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारता येतो. साक्ष नोंदवणारे यंत्र होऊन बसू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रामचंदर खटल्यात सांगितले. गमतीची गोष्ट अशी की, त्या खटल्यातील न्यायाधीश उलट टोकाला गेले होते. त्यांनी साक्षीदारांना खोट्या साक्षीच्या कारवाईची धमकी दिली होती आणि त्यामुळेच शिक्षा टिकली नाही. हे उदाहरण माहीत असलेले न्यायाधीश हात आखडता घेतात. दोष दिला तर तो मी त्या आखडलेल्या हाताला देईन, पण समजून घेऊन.

आता त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर. प्रक्रिया संहितेत मुक्ततेचे प्रकार नाहीत. आरोपी एकतर दोषी ठरतो किंवा मुक्त होतो. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ वगैरे शब्द संहितेला अपरिचित असून न्यायालयीन निकालांतून आले आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या समुथिरम खटल्यात म्हटले. तो फरक प्रामुख्याने नोकरीच्या प्रकरणांत, उदाहरणार्थ पोलीस भरतीत, कामाला येतो. शिक्षेच्या दृष्टीने ‘पुराव्याअभावी’ सुटलेला माणूस आणि साक्षात निरपराध सिद्ध झालेला माणूस एकाच पातळीवर आहेत आणि तसेच असले पाहिजे. नाहीतर सुटलेल्या प्रत्येकावर आयुष्यभर अर्धा आरोप राहील. तेव्हा न्यायाधीशांनी त्या लोकांना निरपराध म्हटलेले नाही. त्यांच्याविरुद्ध शिक्षा देण्याइतका पुरावा सरकारने आणला नाही, एवढेच म्हटले आहे. आईने राग धरायचाच असेल तर तो सरकारवर धरावा. तो रास्त आहे.

सुटलेल्याची दुसरी बाजूही इथेच लिहितो. खोट्या खटल्यात वर्षे गेलेल्या माणसाला भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात त्याची शिफारस केली. नव्या संहितेत ती आलेली नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल जी तरतूद आहे तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे, आणि हा आकडा छपाईची चूक नाही.

नव्या कायद्यांबद्दल माझी अपेक्षा मर्यादित आहे. झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण (कलम १०५) आणि सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट (कलम १७६) या दोन तरतुदी नीट अमलात आल्या, तर नेहमीच्या पंचांचा प्रश्न बराचसा मिटेल. पण मग उलटतपासात प्रश्न येईल की, हे चित्रण कोणत्या फोनवर झाले, तो फोन कुठे आहे आणि न्यायालयापर्यंत ते पोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होते. सीलच्या ताब्याचा जुना प्रश्नच तो.

माजी सरकारी वकील :

मतभेद राहू देत. पण साक्षेपी वाचकांनी ज्या कुटुंबाबद्दल लिहिले आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना देतो. निकालाची प्रमाणित प्रत आजच अर्ज करून घ्या आणि सोबत सर्व साक्षींच्या प्रतीही घ्या. नुसत्या निकालपत्रावर अपिलाचा अंदाज येत नाही. सरकारने अपील करावे की नाही याबद्दल खटला चालवणारे सरकारी वकील आपले मत लिहून प्रस्ताव पाठवतात. त्यांना प्रत्यक्ष भेटा, ते मत काय आहे ते विचारा आणि तुमचे म्हणणे लेखी द्या. सरकारच्या अपिलाला मुदत नव्वद दिवसांची असते आणि त्यातले बरेचसे दिवस फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यातच संपतात. तेव्हा सरकारची वाट पाहत बसू नका; स्वतःच्या अपिलाची तयारी समांतर सुरू ठेवा. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्री अर्जदाराला तिथे उत्पन्नाची अट लागत नाही, म्हणून अर्ज आईच्या नावाने करा.

मुक्ततेविरुद्धचे अपील कठीण असते, हेही त्यांना आधीच सांगा. चंद्रप्पा खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे सुटलेल्या आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक दुणावलेले असते, आणि पुराव्यावरून दोन मते शक्य असतील तर अपील न्यायालय खालच्या न्यायालयाच्या मताला सहसा हात लावत नाही. दुसऱ्या साक्षीदाराच्या त्या तफावती खरोखर गाभ्याच्या आहेत की तपशिलाच्या, यावरच सगळे अवलंबून राहील. त्यामुळे वकिलांकडे जाताना त्या साक्षीदाराचा पोलीस जबाब आणि न्यायालयातली साक्ष हे दोन कागद सर्वांत वर ठेवा.